रंग उडालेली गाडी आणि कर्जाचा फास

आपल्या समाजातील अनेक तरुण आज गाडीवर पोट भरतात. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी रिक्षा, कुणी शाळेच्या मुलांची व्हॅन, तर कुणी टेम्पो. गाडी म्हणजे त्या घरातला कमावता माणूसच. तिचे इंजिन बिघडले तर सारे घर काळजीत पडते. पण गाडीचा रंग उडाला की काय करावे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. मग एक तर दुर्लक्ष होते किंवा कुणाच्या तरी सल्ल्याने भरमसाट खर्च होतो. आमच्या वस्तीत नुकताच असा एक प्रसंग घडला. तो अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील आमच्या वस्तीत एक तरुण काळी-पिवळी टॅक्सी चालवतो. गाडी जुनी, दुसऱ्या हातची. ती रोज रात्री विहाराजवळच्या पिंपळाखाली उभी असते. दिवसा ऊन, रात्री दव, वरून कावळ्यांची घाण आणि पिंपळाची पाने. बघता बघता बॉनेटचा काळा रंग राखेसारखा झाला. बोट फिरवले तर बोटाला भुकटी लागायची. वार्षिक पासिंग जवळ आले होते. गाडी अशी दिसली तर पासिंगला अडचण येईल, असे कुणीतरी त्याच्या मनात भरवले. गॅरेजवाल्याने पूर्ण गाडी रंगवण्याचे तीस हजार रुपये सांगितले.

तीस हजार आणायचे कुठून? वस्तीत व्याजाने पैसे देणारा एक जण आहेच. दर शेकडा पाच रुपये महिना. तरुणाची पत्नी एका संध्याकाळी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, हे सोमवारी पैसे उचलणार आहेत. तुम्ही हिशेबाचे माणूस, जरा समजावून सांगा. पोरीची बारावीची फी अजून भरायची आहे."

आम्ही कागदावर हिशेब मांडला. तीस हजारांवर दरमहा व्याज पंधराशे रुपये. वर्षभर मुद्दल फिटले नाही तर नुसते व्याजच अठरा हजार. म्हणजे तीस हजारांचा रंग अठ्ठेचाळीस हजारांना पडणार, आणि एवढे देऊनही पिंपळाखालचे ऊन तेच राहणार. तो हिशेब पाहून तरुण गप्प झाला. मग म्हणाला, "मी एक स्प्रे आणून मारला होता, पण उलट जास्तच खराब झाले."

धुळीचा पॉलिश पेपर

आमच्या वस्तीत गॅरेजमध्ये तीस वर्षे रंगकाम केलेले एक काका आहेत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही त्यांना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेट तिरके होऊन उन्हात पाहिले. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे होते आणि मध्ये मध्ये तेलकट पट्टे.

"कसा मारलास रे स्प्रे?"

"काका, दुपारी स्टँडवर गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा मारला. जुन्या टॉवेलने जोर लावून पुसला."

"धुतली होतीस का आधी?"

"नाही काका."

"मग पोरा, तू धुळीचाच पॉलिश पेपर केलास की! आणि तापलेल्या पत्र्यावर स्प्रे मारलास, तो पसरायच्या आतच वाळला."

चूक स्प्रेची नव्हती, पद्धतीची होती. त्या दिवशी काकांनी जे शिकवले, ते थोडक्यात सांगतो.

रंग का उडतो?

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि बहुतेक नव्या गाड्यांत सर्वांत वर पारदर्शक थर असतो. हे सारे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. म्हणजे सगळे थर मिळूनही जाडी माणसाच्या दोन केसांइतकीच! उन्हातील अतिनील किरणांनी रंगाला धरून ठेवणारा पदार्थ वरून मरत जातो, त्याची भुकटी होते आणि चमक जाते. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. ती तशीच वाळू दिली तर रंगात डाग उतरतो.

भुकटी झाली आहे ती फक्त वरच्या पातळ थराची. खालचा रंग शाबूत असेल तर गाडी वाचवता येते. ते ओळखायचे कसे? काकांनी बॉनेटवर पाणी ओतले. ओले होताच राखाडी बॉनेट काळेभोर दिसू लागले. "रंग जिवंत आहे," काका म्हणाले. पाणी ओतूनही पांढरे चट्टे तसेच राहिले, किंवा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला असेल, तर कोणतेही पॉलिश उपयोगाचे नाही. तो भाग रंगवावाच लागतो. तसेच ओरखड्यात नख अडकले तर तो पॉलिशने जाणार नाही, हे समजून घ्यावे.

डब्यात असते काय?

बाजारात स्प्रेच्या नावाखाली निरनिराळ्या वस्तू मिळतात. बहुतेक स्प्रेमध्ये मेण किंवा सिलिकॉन असते. ते बारीक ओरखडे भरून काढते आणि चमक देते, पण मेलेला थर काढत नाही. तो थर काढण्याचे काम बारीक घासणाऱ्या पॉलिशचे किंवा रबिंग कंपाउंडचे. म्हणून आधी पॉलिश आणि मग स्प्रे, हा क्रम. भुकटीवर नुसता स्प्रे मारणे म्हणजे मळक्या अंगावर अत्तर लावण्यासारखे आहे. डब्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय वस्तू घेऊ नये. आपल्या मुलांना इंग्रजी येते, त्यांच्याकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

काम कसे करावे?

गाडी सावलीत घ्यावी. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग गाडीच्या शाम्पूने, वरून खाली धुवावे. दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि दुसरी कापड खळबळण्याची. कपड्यांची पावडर वापरू नये. ती तीव्र असते आणि आधी लावलेले मेणही धुऊन नेते. काही चालक रॉकेल किंवा डिझेलचा हात मारतात. त्याने तासभर चमक येते, पण तेलकटपणावर धूळ बसते आणि आगीचा धोका वेगळाच.

गाडी पूर्ण कोरडी करून मायक्रोफायबरच्या कापडावर थोडे पॉलिश घ्यावे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच भाग एका वेळी घासावा. आधी कोपऱ्यात करून पाहावे. आमच्या गाडीचे कापड लगेच काळे झाले. वर पारदर्शक थर नाही, खुद्द रंगच निघतो आहे, अशी ही खूण. अशा गाडीला हात हलका हवा. कडा आणि कंगोऱ्यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तेथे जोर लावूच नये. आपले जुने बनियन चालते, पण शिवण आणि बटण असलेला कपडा चालत नाही. कापड खाली पडले तर झटकून पुन्हा वापरू नये, दुसरे घ्यावे.

पॉलिश पुसून झाल्यावर स्प्रे थेट पत्र्यावर न मारता कापडावर मारावा, पातळ पसरावा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसावा. काचेवर, ब्रेकवर, टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर, स्टिअरिंगवर किंवा मोटारसायकलच्या सीटवर तो जाऊ देऊ नये. तेथे निसरडेपणा म्हणजे अपघात.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायामाणसांनी ध्यानात ठेवावी. अशा अनेक डब्यांत पेट घेणारा वायू असतो. एका खोलीच्या घरात तो डबा शेगडीजवळ ठेवू नये, उन्हात बंद गाडीतही ठेवू नये. काम मोकळ्या हवेत करावे, लहान मुलांना दूर ठेवावे आणि त्या वेळी विडी-सिगारेट ओढू नये.

पुढे काय झाले?

चार जणांनी मिळून काम केले. तरुणाची पत्नी आणि मुलगीही हाताला होत्या. सकाळी दहाला सुरुवात केली, दुपारी तीनला संपले. शाम्पू दोनशे, पॉलिश साडेतीनशे, स्प्रे चारशे, कापडे अडीचशे, असा एकूण खर्च बाराशे रुपये. गाडी नवी झाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. छताच्या एका कडेचा पापुद्रा तसाच आहे. दाराखाली दोन ठिकाणी गंज होता. तो काकांनी घासून, प्राइमर मारून, रंगाचा हात देऊन बंद केला. ही दुरुस्ती त्यांनी पॉलिशच्या आधी उरकली होती, कारण सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर नवा रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पुढे कधी गाडी रंगवायची झाली, तर स्प्रे वापरल्याचे पेंटरला आवर्जून सांगावे.

गाठीला थोडी बचत होती, तिच्यातून ब्रेकचे काम करून घेतले, कारण रंगापेक्षा ब्रेक महत्त्वाचा. पासिंग झाले. फी भरली गेली. सोमवारी कर्ज उचलले गेले नाही.

स्प्रेची चमक काही आठवडेच टिकते, पावसाळ्यात त्याहून कमी. तेव्हा महिन्यातून एकदा स्प्रेचा हात द्यावा. घासणारे पॉलिश मात्र वर्षातून एकदा, फार तर दोनदा. दर वेळी थोडा रंग निघतो, हे विसरू नये. पक्ष्याची घाण दिसली की ओल्या कापडाने लगेच भिजवून उचलावी. गाडी आता पिंपळापासून चार हात दूर उभी असते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्या बांधवांनाही एक सूचना. विकणारे हाच स्प्रे मारून गाडी चकचकीत करतात. म्हणून गाडी दिवसाउजेडी पाहावी, ओल्या कापडाने पुसून वाळू द्यावी आणि मग पुन्हा पाहावी. दाराच्या रबराखाली आणि डिकीच्या आत रंग वेगळा आहे का, हेही पाहावे. आणि आपण विकणारे असू, तर असलेला दोष झाकू नये. पंचशील आपण दर रविवारी म्हणतो, ते व्यवहारात दिसले पाहिजे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. गाडीची निगा ही त्या मधल्या दोन भागांत येते. निगा वेळेवर राखली तर चौथ्या भागाला हात लावावा लागत नाही आणि सावकाराची पायरीही चढावी लागत नाही. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपल्या घरातल्या रुपयाचा प्रश्न आपण कागदावर तरी मांडायला नको का?

आपल्या वस्तीत असे पेंटर काका, फिटर काका, वायरमन दादा ठिकठिकाणी आहेत. त्यांचे कसब कुठल्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नाही. महिन्यातून एका रविवारी विहाराच्या आवारात त्यांनी तरुणांना चार गोष्टी शिकवाव्यात, अशी आमची सूचना आहे. आमच्या वस्तीत पुढच्या रविवारी रिक्षांची पाळी आहे.

जयभीम!