फिंच, पीटर

फिंच, पीटर : (२८ सप्टेंबर १९१६ – १४ जानेवारी १९७७). ऑस्ट्रेलियन नभोवाणीवर घडलेला व पुढे रंगभूमी आणि चित्रपट या क्षेत्रांत जागतिक कीर्ती मिळविणारा अभिनेता. संपूर्ण नाव फ्रेडरिक जॉर्ज पीटर इंगल फिंच. जन्म लंडनमधील साउथ केन्झिंग्टन येथे. त्याच्या मातेचे नाव अ‍ॅलिशिया ग्लॅडिस. पिता म्हणून जॉर्ज इंगल फिंच (१८८८–१९७०) याची नोंद झाली. जॉर्ज मूळचा न्यू साउथ वेल्समधील ऑरेंजचा. व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ व वृत्तीने गिर्यारोहक. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत त्याने ऑक्सिजनच्या साहाय्याने ८,३०० मी. पेक्षा अधिक उंची गाठली. उत्तरायुष्यात तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक (१९५२–५७) होता. पीटर मात्र त्याचा औरस पुत्र नसावा, असे चरित्रकार मानतात. भारतीय सैन्यातील अधिकारी वेंटवर्थ एडवर्ड डॅलस (‘जॉक’) कॅम्बेल हा त्याचा जन्मदाता असावा. कॅम्बेलशी असलेल्या संबंधांच्या कारणावरूनच १९२० मध्ये जॉर्ज व अ‍ॅलिशिया यांचा घटस्फोट झाला आणि पुढे अ‍ॅलिशियाने कॅम्बेलशी विवाह केला.

मुलाचा ताबा जॉर्जला मिळाला. पण त्याने त्याला स्वतःजवळ ठेवले नाही. पॅरिसजवळच्या व्होक्रेसाँ येथे राहणाऱ्या आपल्या आईकडे, लॉरा फिंचकडे, त्याने त्याची रवानगी केली. जननी दुरावली आणि ज्याचे नाव लावायचे तोही दूरच राहिला, अशा स्थितीत पीटरचे बालपण आजीच्या घरी गेले. लॉराला थिऑसॉफीची ओढ होती. १९२५ मध्ये ती नातवाला घेऊन मद्रासजवळील अड्यार येथे आली. तेथील वास्तव्यात हा मुलगा काही काळ बौद्ध मठातही राहिला. पुढील वर्षी त्याला सिडनीस ग्रीनविच पॉइंट येथे जॉर्जच्या चुलत्याकडे धाडण्यात आले. ज्या देशाचा म्हणून तो ओळखला जातो, त्या देशात त्याने असे वयाच्या दहाव्या वर्षी, कोणाला न विचारता पाठविलेल्या पोराप्रमाणे पाऊल ठेवले. त्याच्या ऑस्ट्रेलियन असण्याचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

शालेय शिक्षण सिडनीतच झाले. मंदीच्या त्या काळात त्याने एका वृत्तपत्राच्या कचेरीत उमेदवारी केली, जत्रेतील खेळांपुढे गिऱ्हाइके गोळा केली, विनोदी नटाचा जोडीदार म्हणून काम केले आणि जॉर्ज सॉर्ली याच्या फिरत्या नाटकमंडळीबरोबर गावोगाव भ्रमंती केली. डॅड अँड डेव्ह कम टू टाउन (१९३८) हा त्याच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी होय. परंतु त्याची खरी शाळा नभोवाणी ही होती. ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशनचा नाट्यनिर्माता लॉरेन्स सेसिल याने त्याच्यातील गुण ओळखले आणि १९३९-४० या काळात त्याला आवाजाच्या वापराची शिस्त लावली.

ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी १९५६ मध्ये आली. तोवर नटाला नियमित पोट भरण्याचा मार्ग म्हणजे नभोनाट्यच होते. सरकारी केंद्रांखेरीज खाजगी केंद्रेही नाटके व मालिका प्रसारित करीत. तेथे वेशभूषा नाही, हावभाव नाहीत, पाठांतरही नाही. हातात संहिता धरून मायक्रोफोनसमोर उभे राहायचे आणि पात्राचे वय, प्रकृती, दडवलेला हेतू हे सारे श्वासाच्या व विरामाच्या योजनेतून श्रोत्यापर्यंत पोहोचवायचे. मायक्रोफोन अगदी जवळ असल्याने रंगभूमीवरचा उंच स्वर तेथे खोटा वाटतो. फिंचच्या चित्रपटांतील संयत, किंचित थबकत बोलण्याची ढब याच सरावातून आलेली दिसते. मॅक्स अ‍ॅफर्डच्या ग्रेफेस या रहस्यमालिकेत त्याने व नीव्हा कार ग्लिन हिने गुप्तहेर पतिपत्नींच्या भूमिका केल्या. १९४६ व १९४७ अशी लागोपाठ दोन वर्षे उत्कृष्ट नभोवाणी-अभिनेता म्हणून त्याला मॅक्वारी पुरस्कार लाभला.

दरम्यान १९४१ मध्ये तो सैन्यात दाखल झाला होता. मध्यपूर्वेत व डार्विन येथे त्याने विमानविरोधी तोफखान्यात काम केले. १९४३ मध्ये रशियन वंशाची नर्तिका तमारा चिनारोव्हा हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे त्याने आणखी दोन विवाह केले. युद्धोत्तर काळात सहकाऱ्यांसमवेत त्याने सिडनीत ‘मर्क्युरी थिएटर’ ही संस्था उभारली. कामगारांसाठी एका काचकारखान्यात केलेला तिचा मोल्येरच्या नाटकाचा प्रयोग १९४८ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए व व्हिव्हिअन ली यांनी पाहिला. त्यातून त्याच वर्षी तो लंडनला गेला. आपल्या जन्मगावी तो परतला तो असा, परका म्हणून.

१९४९ मध्ये जेम्स ब्रायडीच्या डॅफ्नी लॉरिओला या नाटकात ईडिथ इव्हान्सबरोबर त्याने भूमिका केली आणि लंडनच्या रंगभूमीवर त्याचा जम बसला. चित्रपटांपैकी अ टाउन लाइक अ‍ॅलिस (१९५६), द ट्रायल्स ऑफ ऑस्कर वाइल्ड (१९६०), नो लव्ह फॉर जॉनी (१९६१), संडे ब्लडी संडे (१९७१) व नेटवर्क (१९७६) या पाचांसाठी त्याला ब्रिटिश अकादमीचे पुरस्कार मिळाले. नेटवर्कमधील त्याची भूमिका वृत्तनिवेदकाची आहे. सिडनीच्या मायक्रोफोनसमोर आरंभ केलेल्या नटाची ही गाजलेली भूमिका पुन्हा मायक्रोफोनसमोरचीच असावी, हा योगायोग लक्षणीय आहे. या भूमिकेसाठी त्याला मिळालेले ऑस्कर पारितोषिक मरणोत्तर होते. अभिनयासाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालेला तो पहिला नट. असा दुसरा नट हीथ लेजर (२००९) हाही ऑस्ट्रेलियनच होता.

बेव्हर्ली हिल्स येथील एका हॉटेलात हृदयविकाराच्या झटक्याने तो निधन पावला.