कडा आणि पुळण

सागरी कडा व पुळण ही स्वतंत्र भूरूपे होत, असे मानण्याचा प्रघात आहे; तो तितकासा बरोबर नाही. हरिहरेश्वरी ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेच्या वाटेवर उघडा पडणारा सपाट कातळ म्हणजे मागे हटलेल्या कड्याचा पायाच होय. लाटांनी फटींतील हवा दाबली जाते, वाळूगोटे खडकास घासतात, तळाशी खाच पडते आणि निराधार झालेला वरचा भाग कोसळतो. हा चुरा, नद्यांचा गाळ व शिंपल्यांचे कण यांची पुळण बनते. ‘पुळण’ हा शब्द आपण स्थिर वस्तूस योजतो खरा; परंतु पावसाळी लाटा तिची वाळू समुद्रात ओढून नेतात आणि पुढे सौम्य लाटा ती परत आणतात. कड्यावर येणारा लाटांचा जोर ही वाळूच सोसते. ती उपसली, की तोच जोर थेट कड्याच्या पायथ्याशी पोहोचतो.