फिल्टर मोजूनच पारखावा

नारायणगावजवळच्या खोडद इथे जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या अवकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत टिपतात. अशा दुर्बिणींना हवा तो पट्टा सोडणारे बँडपास आणि मोबाइलसारख्या साधनांचा गोंगाट अडवणारे बँडस्टॉप फिल्टर लागतात. गणिताने आखलेला फिल्टर मोजायचा कशाला, असा आक्षेप येतो. पण फिल्टरमधली प्रत्यक्षातली कॉइल आणि कपॅसिटर कागदाबरहुकूम वागत नाहीत, पट्टा सरकतो. फिल्टर मोजणारा नेटवर्क ॲनालायझर प्रत्येक वारंवारतेला किती संकेत पार गेला आणि किती उलट परतला, हे दोन्ही दाखवतो. 3 डेसिबल घट म्हणजे निम्मी शक्ती, 40 डेसिबल म्हणजे दहा हजारांतला एक भाग. मात्र जोडणीच्या केबलचा दोष फिल्टरच्या माथी बसू नये, म्हणून आधी ॲनालायझरचे कॅलिब्रेशन हवेच. न मोजलेल्या फिल्टरवर विसंबू नये.