आऊटबोर्ड इंजिनातील घटलेला संपीडन दाब : निदान व दुरुस्ती

प्रस्तावना

नौकेच्या मागील फळीवर बाहेरून बसविल्या जाणाऱ्या इंजिनास आऊटबोर्ड इंजिन असे म्हणतात. अमेरिकेतील मिल्वॉकी येथे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अशा इंजिनांचे व्यापारी उत्पादन सुरू केले. कोकण किनाऱ्यावर मासेमारी व पर्यटक वाहतूक करणाऱ्या लहान फायबर होड्यांवर ही इंजिने सर्रास आढळतात. भर समुद्रात इंजिन बंद पडणे हा केवळ आर्थिक नुकसानीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न ठरतो. इंजिन सुरू होण्यास विलंब लागणे, मंद गतीत थरथरणे, पूर्ण थ्रॉटल देऊनही वेग न घेणे ही लक्षणे इंधन किंवा प्रज्वलन यंत्रणेतील दोषामुळेही उद्भवतात. त्यामुळे सिलिंडरचा संपीडन दाब प्रथम मोजणे इष्ट ठरते. प्रस्तुत लेखात या दाबाचे मापन, त्यावरून काढावयाचे अनुमान व दुरुस्तीचा क्रम यांचे विवेचन केले आहे.

संपीडनाचे तत्त्व

पिस्टन वर सरकताना सिलिंडरमधील इंधन-हवा मिश्रण दाबले जाते. आकारमान एक षष्ठांश झाल्यास व उष्णता बाहेर न गेल्यास दाब सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १२ पट होतो. तापमान स्थिर राहिल्यास तो केवळ ६ पट होतो. प्रत्यक्षातील दाब साधारणपणे या दोहोंच्या दरम्यान असतो, कारण काही उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते व काही वायू फटींतून निसटतो. इंजिन सावकाश फिरल्यास निसटण्यास अधिक अवधी मिळतो. म्हणूनच बॅटरी क्षीण असल्यास निर्दोष इंजिनाचाही दाब कमी दिसतो.

दाबाचे मापन

इंजिनास पाणीपुरवठा जोडूनच ते गरम करावे. पाण्याविना चालविल्यास जलपंपाचा रबरी इंपेलर अल्पावधीत निकामी होतो. त्यानंतर इंजिन बंद करून ते न्यूट्रलमध्ये ठेवावे, सर्व स्पार्क प्लग काढावेत व ठिणगी पडू नये म्हणून प्लगच्या वायरी अर्थ कराव्यात. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दाबमापकाचा काटा स्थिर होईपर्यंत इंजिन फिरवावे. प्रत्येक सिलिंडरसाठी फेऱ्यांची संख्या सारखीच असावी.

अपेक्षित दाब उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. काही लहान चार-स्ट्रोक इंजिनांत सुरू करताना दाब मुद्दाम कमी करणारी योजना असते. तथापि एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. उदाहरणार्थ, तीन सिलिंडरांचे दाब १२०, ११८ व ८५ पौंड प्रति चौरस इंच आल्यास तिसऱ्यात दोष आहे, हे स्पष्ट होते. १० ते १५ टक्क्यांहून अधिक फरक सामान्यतः संशयास्पद मानला जातो. सर्वच आकडे सारखे कमी आल्यास मात्र प्रथम बॅटरी, थ्रॉटल व दाबमापक तपासावेत.

दोषाचे स्थान

चार-स्ट्रोक इंजिनात सदोष सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मापन करावे. दाब लक्षणीय वाढल्यास रिंगा किंवा सिलिंडरची झीज संभवते. न वाढल्यास झडपा किंवा हेड गॅस्केट संशयित ठरते. शेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी कमी दाब दाखवीत असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट फुटले असण्याचा संभव असतो. दोन-स्ट्रोक इंजिनात अशा झडपा नसल्याने रिंगा, पिस्टन, सिलिंडर व गॅस्केट यांवरच लक्ष केंद्रित करावे. एक्झॉस्टचे आवरण काढल्यास पोर्टमधून पिस्टनवरील ओरखडे व अडकलेल्या रिंगा प्रत्यक्ष पाहता येतात.

दुरुस्ती

रिंगा केवळ काजळीने अडकल्या असल्यास काजळी काढणाऱ्या द्रावणाने त्या मोकळ्या होऊ शकतात. ओरखडे असल्यास हेड उघडणे अपरिहार्य असते. खाऱ्या पाण्यामुळे पोलादी बोल्ट अॅल्युमिनियममध्ये घट्ट बसतात. जोर लावून ते तोडण्याऐवजी भेदक तेल व मर्यादित उष्णता यांचा वापर करावा. हेडची सपाटी सरळ पट्टी व फीलर गेजने तपासावी. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली, तसेच परस्पर काटकोनात मोजावा. झीज मर्यादेत असल्यास हलके होनिंग व नव्या रिंगा पुरतात. अधिक झीज असल्यास सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा. मुलामा असलेले सिलिंडर सामान्य पद्धतीने बोअर करता येत नाहीत. नवी रिंग प्रथम सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधील फट मोजावी. हेडचे बोल्ट नव्या गॅस्केटसह ठरावीक क्रमाने व टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळावेत.

निष्कर्ष

घटलेला संपीडन दाब हे बहुधा कार्य असते, कारण नव्हे. झिजलेला इंपेलर, क्षारांनी तुंबलेला जलमार्ग, कार्बोरेटरच्या जेटमधील कचरा किंवा दोन-स्ट्रोक इंधनातील अपुरे तेल यांमुळे पिस्टन तापतो व ओरखडला जातो. हे मूळ कारण दूर न करता केवळ रिंगा बदलल्यास नवा पिस्टनही त्याच मार्गाने जातो. सबब, प्रत्येक दुरुस्तीत शीतकरण, इंधन व वंगण या तिन्हींची तपासणी अंतर्भूत असावी. इंजिन निरोगी असतानाच सर्व सिलिंडरांचे दाब नोंदवून ठेवल्यास पुढील निदानास विश्वसनीय आधार मिळतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना ही नोंद करणे सोयीचे ठरते. तेव्हा आढळलेला दोष भर समुद्रात संकट होण्यापूर्वीच दूर करता येतो.