छोट्या पेटीतला मोठा ताप

शाळेतल्या संगणक कक्षात मेजाखाली उभ्या असलेल्या पेटीला बहुतेक जण ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा त्या पेटीत बसवलेला तळहातावर सहज मावणारा एक तुकडा. कॅबिनेटचे झाकण काढले की आत बरीचशी पोकळीच दिसते आणि मग विद्यार्थी हमखास विचारतात, ‘एवढी मोठी पेटी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. लहान पेटी स्वतः आखू पाहणाऱ्याला त्याचे उत्तर फार लवकर कळते.

आधी मापे पाहू. १९९५ साली इंटेल कंपनीने मदरबोर्डचे एटीएक्स हे प्रमाण माप आणले. तो बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा. २००१ साली व्हीआयए या तैवानी कंपनीने मिनी-आयटीएक्स आणले. हा बोर्ड १७० मिलिमीटर चौरस, म्हणजे क्षेत्रफळाने पहिल्याच्या दोन-पंचमांशाहूनही कमी. त्यावर प्रोसेसरची हीट सिंक बसवून उंची ७ सेंटिमीटर धरली, तर घनफळ होते दोन लिटर. लहान आकाराचा एसएमपीएस साधारण १२.५ × १० × ६.३५ सेंटिमीटरचा, म्हणजे पाऊण लिटरपेक्षा किंचित जास्त. नेहमीचे कॅबिनेट चाळीसेक लिटरचे असते आणि इथे मुख्य ऐवज तीन लिटरच्या आत मावला! तरीही अनुभवी माणूस दहा लिटरची पेटी आखतो. उरलेल्या जागेत वायर, चकती वगैरे असतात हे खरे, पण तिचा मुख्य भाडेकरू आहे हवा.

संगणक काही उचलत नाही की ढकलत नाही. त्यामुळे त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. समजा, आपला संगणक जोरात काम करताना १५० वॅट घेतो; म्हणजे दर सेकंदाला १५० जूल उष्णता. पेटी पूर्ण बंद असेल तर ही उष्णता फक्त तिच्या पृष्ठभागातून जाणार. स्थिर हवेत, एक चौरस मीटर पृष्ठभागातून दर अंश फरकामागे ढोबळमानाने १० वॅट जातात. दहा लिटरच्या घनाकृती पेटीचे पृष्ठफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर भरते. भागाकार केला तर पेटीचे तापमान खोलीपेक्षा ५० अंशांहून अधिक वर जाऊन मगच स्थिरावेल. विदर्भात मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील, तर पत्रा नव्वदीत आणि प्रोसेसर त्याच्याही पुढे. शंभर अंशांच्या आसपास बहुतेक प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतात. विकत घेतलेला वेग मग कागदावरच राहतो.

तेव्हा हवा खेळती हवी. पण किती? एक ग्रॅम हवा एक अंशाने तापायला साधारण एक जूल लागतो. आत शिरलेली हवा दहा अंश तापून बाहेर पडावी असे ठरवले, तर १५० जूल वाहून न्यायला सेकंदाला १५ ग्रॅम हवा हवी. लिटरभर हवेचे वजन साधारण १.१५ ग्रॅम, म्हणजे सेकंदाला १३ लिटर. दहा लिटरच्या पेटीतली सगळी हवा दर सेकंदाला बदलून शिवाय वर थोडी! हा आकडा एकदा मनात बसला की पेटीकडे वस्तू ठेवायचा डबा म्हणून पाहता येत नाही. तो एक आखूड बोगदा आहे.

‘गरम हवा वर जाते, म्हणून वर भोके पाडा’ असा सल्ला सर्रास मिळतो. विधान बरोबर आहे, पण त्याचे बळ मोजून पाहा. वीस सेंटिमीटर उंचीच्या पेटीत दहा अंशांच्या फरकाने जो दाब निर्माण होतो, तो पास्कलच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. संगणकातला साधा १२० मिलिमीटरचा पंखा १० ते २० पास्कल दाब देऊ शकतो. म्हणजे पंखा असेल तिथे हवा कुठे जायची हे पंखाच ठरवतो. हवा खाली ढकलली तरी चालते. मात्र पंखा निवडताना कंजुषी नको. एकाच धाटणीच्या पंख्यांत हवेचा ओघ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच हवेसाठी आठपट फेरे लागतात आणि मग पेटी किंचाळते. म्हणून पेटी लहान असली तरी तिची सर्वांत मोठी भिंत पंख्याला द्यावी, असे आमचे मत आहे.

पंख्याशिवाय भागवण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न ॲपलने केला. २००० सालचा ‘पॉवर मॅक जी४ क्यूब’ हा सुमारे वीस सेंटिमीटरचा घन. हवा खालून आत, वरून बाहेर, धुराड्यासारखी. एसएमपीएस मात्र पेटीबाहेर ठेवला होता, म्हणजे उष्णतेचा एक उगम आधीच हद्दपार! वर्षभरात त्याचे उत्पादन थांबले, पण त्यात किमतीचा वाटा मोठा होता. अधिक बोलके उदाहरण त्याच कंपनीच्या २०१३ सालच्या ‘मॅक प्रो’चे. उंची २५ सेंटिमीटर, व्यास १७ सेंटिमीटर, मध्यभागी धातूचा त्रिकोणी गाभा. गाभ्याच्या एका बाजूवर प्रोसेसर, दोन बाजूंवर दोन ग्राफिक्स चिपा, आणि वर एकच मोठा पंखा. रचना देखणी होती. पण उष्णता तीन बाजूंना सारखी वाटली जाईल हे गृहीत आकारातच ओतले गेले होते. पुढे जग एकाच मोठ्या, खूप तापणाऱ्या चिपेकडे वळले आणि ती या गाभ्यावर बसेना. २०१७ साली कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ही कोंडी पत्रकारांपुढे मान्य केली. २०१९ सालचा मॅक प्रो पुन्हा मोठी, चौकोनी, समोर पंखे असलेली पेटी होता.

आमच्या प्रयोगशाळेत एका उपकरणाशेजारी मावेल असा संगणक हवा होता, तेव्हा आम्ही पत्र्याला हात लावण्याआधी पुठ्ठ्याच्या दोन-तीन पेट्या केल्या. आत फक्त पंखा व भागांच्या आकाराचे ठोकळे, आणि बाहेर हातात धरलेली उदबत्ती. बाहेर पडलेला धूर वळून पुन्हा आत येणाऱ्या भोकांकडे जातो का, हे डोळ्यांनी दिसते. तसे झाले तर पेटी आपलीच गरम हवा पुन्हा पिते. पंखा जाळीला अगदी चिकटवला की आवाज वाढतो, हेही तिथेच कळले. शाळांत संगणक लाकडी कप्प्यात कुलूपबंद करतात. कॅबिनेट कितीही उत्तम असो, कप्पा मागून बंद असेल तर तीच गत होते.

हे सारे वर्गात करून पाहता येईल. बिस्किटाचा पत्र्याचा डबा घ्या. त्यात मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा दिवा ठेवा व १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. घरातली वीज यात आणू नका. तापमापीवर दिव्याचा उजेड थेट पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा पडदा लावा. आधी डबा बंद ठेवून, मग फक्त वर भोके पाडून, मग वर आणि खाली दोन्हीकडे पाडून, आणि शेवटी जुन्या कॅबिनेटमधला पंखा त्याच बॅटरीवर चालवून, दर दोन मिनिटांनी तापमान लिहा. चारही आलेख एकाच कागदावर काढा. शेवटच्या वेळी पंखा उलटा बसवूनही पाहा.