पडद्यावरचे महाबली (लेखांक ६) : मुखवटा नसलेला कॅप्टन

मागच्या आठवड्यात आपण ‘शक्तिमान’ पाहिला. त्याच्या पाठोपाठ, १९९८ मध्ये, दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ आला. त्याचा नायक होता मिलिंद सोमण. त्याचं वेगळेपण कळायला आधी जपानची रीत पाहू.

१९६६ च्या ‘अल्ट्रामॅन’ मालिकेत हायाताचं काम सुसुमु कुरोबे यांनी केलं. पण हायाताचा अल्ट्रामॅन झाला की रबरी पोशाखात राक्षसांशी झुंजायचे बिन फुरुया. आपल्या पेणच्या कारखान्यांत साच्यातून मूर्ती काढणारा हात वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा वेगळा, तशीच ही वाटणी. ती मोडली की काय होतं, हे १९७१ मध्ये ‘कामेन रायडर’ने दाखवलं. नायक हिरोशी फुजिओका स्वतःच पोशाख चढवून मोटारसायकल पिटाळत होते. चित्रीकरणात अपघात होऊन त्यांचा पाय मोडला आणि मालिका चालू ठेवायला दुसरा रायडर आणावा लागला.

‘कॅप्टन व्योम’ बनवणाऱ्या ‘मिर्च मसाला’वाल्या केतन मेहतांना अशी वाटणी करायला वावच नव्हता. २२२० सालात तुरुंगातून निसटलेल्या बारा गुन्हेगारांचा माग काढणारा हा कॅप्टन तोंड झाकत नव्हता. संगणकावर रचलेलं त्याचं अवकाश आज कच्चं वाटतं. पण त्यात वावरणारा माणूस पटतो, कारण ते शरीर पोशाखवाल्याने बेतलेलं नव्हतं.

सोमण यांचा जन्म १९६५ चा, ग्लासगोचा. लहानपणीची काही वर्षं इंग्लंडमध्ये गेली, मग कुटुंब दादरला आलं. तिथे पोहायला लागलेला हा मुलगा राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत पोहोचला. मॉडेलिंग त्यानंतरचं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने हा चेहरा घरोघरी नेला. म्हणजे व्योमची तयारी मालिकेच्या कितीतरी आधी, तलावात झाली होती.

मालिका संपल्यावर तिकीटबारीवरचे नायक काही ते झाले नाहीत. मराठीत मात्र ‘गंध’ आणि ‘संहिता’ या चित्रपटांत त्यांनी नेटकं काम केलं. शरीराची मेहनतही थांबली नाही. २०१२ मध्ये बायकांना धावायला लावणारी ‘पिंकेथॉन’ सुरू झाली. २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी झुरिकची ‘आयर्नमॅन’ पुरी केली. दोन वर्षांनी फ्लोरिडातली तीन दिवसांची शर्यत, नाव ‘अल्ट्रामॅन’. पहिल्या दिवशी दहा किलोमीटर पोहून लगेच सायकल, दुसरा दिवस नुसता सायकलवर, तिसऱ्या दिवशी ८४ किलोमीटरची धाव. साधारण पेणहून रोह्याला धावत जाऊन परत यावं, एवढं ते अंतर, तेही अनवाणी!

महाबली रंगवणाऱ्या नटाची एक अडचण असते. पोशाख उतरला की लोकांना तो ओळखू येत नाही, नाहीतर आयुष्यभर त्याच पोशाखातला म्हणून ओळखला जातो. सोमण दोन्हींतून सुटले. लोकांनी त्यांच्यात जे पाहिलं, ते व्योमचं नव्हतंच. त्यांचं स्वतःचं होतं आणि ते त्यांनी राखलं.

पुढच्या लेखांकात पाय मोडलेले फुजिओका पुन्हा मोटारसायकलवर कसे बसले, ते पाहू.