बऱ्हाणपूरचे पाणी

तापीच्या उत्तर तीरावरील या तटबंद शहराला दक्षिणेचे दार म्हणत. फारूकी सुलतानांनी ते वसविले. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलाईत गेला. 1681 मध्ये मराठी फौजेने येथलाच बहादुरपुरा लुटला. प्रवासी बहुधा शाही किल्ल्यासाठी येतो. मुमताजमहल 1631 मध्ये बऱ्हाणपुरातच निवर्तली, आणि तिची पहिली कबर नदीपलीकडे जैनाबादेस होती. जामा मशिदीतील संस्कृत शिलालेखही अवश्य पाहावा.

पण खरे नवल जमिनीखाली आहे. दाराशी तापी वाहत असता, 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या (हाच तो दोहेकार रहीम) काळात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहरात आणले. हा खटाटोप कशासाठी? वेढा पडला की उघडी नदी शत्रूच्या हाती जाते; भुयार त्याला दिसत नाही. शंभरावर कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, एका बोगद्याने जोडल्या आहेत. उतार असा बेतलेला की मोट नको, रहाट नको. पाणी आपल्या ओढीनेच वाहते. यालाच कुंडी भंडारा म्हणतात. शाही महालाच्या पडक्या भिंतींपेक्षा मला तोच थोर वाटतो. आता बोगद्यात चुन्याची पुटे चढून वाट अरुंद होत आहे, आणि भोवतालच्या शेतांत विंधणविहिरी त्याच झऱ्यांचे पाणी ओढीत आहेत.